माडीचं विमान

परवा दवाखान्यात शेजारच्या बाईंनी लिंबाच्या वासाचा ओल्या कागदी रुमालाचं पाकीट फोडलं आणि मी उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. तसला रुमाल मी पहिल्यांदा पाहिला तो हर्णेला, आमच्या घरापुढच्या खळ्यात.

मी शाळेत होते. दुबईहून मामा आला होता, तेव्हा नव्यानेच सुरू झालेल्या दोन मजली विमानातून. विमानात मिळालेला रुमाल त्याने मला हुंगायला दिला. अख्खी वाडी जमली होती.

"विमानाला चांगली लांबलचक माडी आहे," मामा सांगत होता.

शेजारचे तात्या म्हणाले, "मग वर बसून माडी पन पितात काय रे?"

सगळे हसले. मामा हसला नाही. "वर मोठी माणसं बसतात, तात्या." तो स्वतः कुठे बसला होता, हे कुणी विचारलं नाही.

आईने त्याच्यासाठी उन्हात कावळे हाकत सोललेल्या कोलंबीचे सोडे वाळवले होते. तिने पिशवी पुढे केली. मामाने ती दोन बोटांनी धरून बाजूला ठेवली, माझ्याकडून रुमाल घेतला आणि बोटं पुसली.

"नको गो ताई. तसल्या विमानात हे नेलं तर लोक नाकं धरतील."

तेव्हा मला तो लिंबाचा वास फार स्वच्छ वाटला होता. आज त्या दोन बोटांची किळस येते. आईच्याच हातचे सोडे खाऊन वाढली होती ती बोटं.

आईने आत जाऊन साबणाने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले, आणि मग त्याच्यासाठी चहा ठेवला.