देवीला पसंत पडलेलं क्वार्टर

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय माहूरची देवी घेत असे, आणि ते ती आईला दुपारच्या झोपेत कळवत असे. रात्री नाही. रात्री आई नुसती घोरायची.

त्यामुळे मला पिपलानी वसाहतीत कारखान्याचं मोठं क्वार्टर मिळतंय म्हटल्यावर आई म्हणाली, "थांब. देवी काय म्हणते पाहू." शनिवारी संध्याकाळपर्यंत होकार दिला नाही, तर ते क्वार्टर दुसऱ्याला जाणार होतं! आणि सुमन, म्हणजे माझी बायको, लग्न झाल्यापासून खिडकीवाल्या स्वयंपाकघराची वाट पाहत होती. आमच्या तेव्हाच्या घरात फोडणी पडली की आमची मुलंच काय, शेजारीपाजारीसुद्धा शिंकायचे.

कारखान्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या शर्माजींपाशी रडगाणं गायलं. ते म्हणाले, "भाईसाहब, सोने से पहले कान में जो डालोगे, सपने में वही निकलेगा!"

झालं! मी इंजिनिअर माणूस. मशीनमध्ये घालाल तेच बाहेर पडतं, हे मला लगेच पटलं. दुपारी घरी राहता यावं म्हणून रात्रपाळी मागून घेतली आणि बुधवारी दुपारची जेवणं झाल्यावर आईच्या उशाशी जाऊन बसलो.

"आई, पूर्वेची खोली काय सुरेख आहे! सकाळचं ऊन थेट आत. वारा तर असा..."

आई घोरू लागली. उठली ती हसतच.

"दिनू, आली होती रे! खोली फार आवडली तिला."

मी सुमनकडे ऐटीत पाहिलं.

"म्हणाली, इथं मी राहणार. बाकीचं घर उद्या पाहते."

(देवी हप्त्याहप्त्यानं पाहणी करते, हे मला नवीन होतं.) एक खोली गेली, पण पद्धत तर लागू पडली! दुसऱ्या दिवशी मी दुप्पट जोरानं मागच्या खोलीचं वर्णन केलं. आई उठली आणि म्हणाली, "तीही खोली तिला हवी आहे. तिच्या बहिणी पाहुण्या आल्या तर कुठं उतरतील बिचाऱ्या?"

सुमननं मला अंगणात ओढलं. "अहो, आता फक्त स्वयंपाकघर उरलंय! त्याबद्दल एक अक्षर काढाल तर बघा!"

"तू बघच! उलटं घालायचं, म्हणजे देवी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही."

शुक्रवारी मी स्वयंपाकघराची यथेच्छ निंदा केली. अंधार काय, धूर काय, झुरळं काय! आई डोळे पुसतच उठली.

"काहून रे, माझ्या सुनेला असल्या भोकात कोंडतोस? देवी रडली! म्हणाली, नकोच ते घर."

"अगं आई, तिथं मोठी खिडकी आहे!"

"मग देवी खोटं बोलते?"

मी कपाळावर हात मारून घेतला. सुमननं त्या संध्याकाळी माझ्यापुढे ताट आदळलं आणि तोंड फिरवलं. मला खरंच फार वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी तिनं मला खोलीबाहेर काढलं आणि स्वतः आईचे पाय चेपायला बसली. मी दाराला कान लावला.

"आई, त्या घरात खिडकीपाशी बसवून तुम्हाला गरम गरम पोळ्या वाढीन हो. यांचं काय, नुसती बडबड! तुम्हाला झोप तरी लागते का यांच्यापुढे?"

बस, एवढंच! थोड्या वेळानं आई ताजीतवानी होऊन बाहेर आली.

"जा रे, होकार देऊन ये. देवी म्हणाली, घर छान आहे, तिला एक खोली पुरे. पण दिन्याला दुपारचं घरात ठेवू नका. तो सारखा कानाशी बोलतो, तिला बोलायला फटच मिळत नाही!"

सुमन पदर तोंडाला लावून हसत होती. मी स्कूटरला किक मारली.

आता पिपलानीत आमचं सगळं झकास आहे. एक खोली देवीची, एक मुलांची, स्वयंपाकघर सुमनचं आणि दुपारी व्हरांडा माझा आणि स्कूटरचा. पाऊस आला की सुमन धावत बाहेर येते आणि स्कूटर आत घेते.