टेबलाखालचा स्पेन

बदलीच्या गावात सामान कमी आणि किस्से जास्त साठतात. नातेवाईक लांब, म्हणून दर शनिवारी तीच चार मराठी माणसं भेटणार, आणि भेटली की काहीतरी घडणारच! आमच्या कंपूतले बाकीचे हे किस्से हसून हसून सांगतात. मी सांगायला बसले की आधी माझे कान गरम होतात. लग्न होऊन जयपूरला आले त्याच हिवाळ्यातली ही एक संध्याकाळ. तिच्यावर आमचं अजून भागतंय.

*

कंपू म्हणजे कोण? मंदार, माझा नवरा, रेल्वेत नवा इंजिनियर. त्याचे साहेब पाटणकर आणि पाटणकर वहिनी. शिवाय शिरीष, कॉलेजात प्राध्यापक, एकदा सेमिनारला स्पेनला जाऊन आलेला. त्या एका खेपेवर त्याचं सगळं चाललं होतं. सी-स्कीम भागातल्या एका हॉटेलात स्पॅनिश फूड फेस्टिवल लागलाय, ही बातमी अर्थात त्यानेच आणली.

"वाईनसुद्धा आहे," तो म्हणाला.

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? मीपण घेणार!" वहिनी म्हणाल्या.

*

मंदारला घाम फुटला तो माझ्यामुळे. साहेबांबरोबर माझं पहिलंच बाहेरचं जेवण, त्याचा वर्षाचा रिपोर्ट साहेबांच्या हातात, आणि मी तासगावची, आमटी भुरकून पिणारी! मानसरोवर कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्याने रंगीत तालीम घेतली. सुरी उजव्या हातात, काटा डाव्या. वर एक सिग्नल. रेल्वेचाच माणूस!

"तुझं काही चुकलं की मी टेबलाखालून पाय दाबीन. दाबला की लाल! हातातलं खाली ठेवायचं, तोंड बंद."

"पाय माझाच, हे तुला कसं कळणार?"

"बूट काढीन ना. जोडवी लागली की तू!"

मला इतकी लाज वाटली की मी हो म्हणून टाकलं.

निघताना, त्यानेच आणलेले टोकदार बंद बूट जोडव्यांसकट पायात शिरेनात. "काढून ठेव गं, एका संध्याकाळपुरतं काय होतंय!" तोच म्हणाला. जोडवी पर्समध्ये गेली.

*

साफा बांधलेल्या वेटरने खुर्च्या ओढून दिल्या. मी आणि वहिनी शेजारी, मंदार आणि साहेब समोर. साहेबांनी बसल्या बसल्या बूट काढले आणि खुर्चीवर चक्क मांडी घातली.

"पाय लोंबकळत ठेवून मला घास गिळवत नाही."

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मी मान खाली घातली.

टोमॅटोचं सूप आलं. गार!

"भैया, ये तो ठंडा है. गरम करके लाओ," साहेब म्हणाले.

"सर, ये ठंडा ही होता है."

"तुम्हारे यहाँ होता होगा!"

सूप आत गेलं आणि वाफाळत परत आलं. वर जिऱ्याची फोडणी! आचारी जयपूरचा, मनाने मोठा असणार. शिरीषने डोळे मिटून चमचा तोंडात घातला.

"वा! स्पेनमध्ये अगदी असंच!"

*

मग पसरट कढईत केशरी भात आला. साहेबांनी एक घास घेऊन निकाल दिला, "मसालेभात. गोडा मसाला विसरलेत."

यावर वहिनींनी पर्समधून डबी काढली. लिंबाचं लोणचं! "घेतेस का गं, सायली?" म्हणत झाकण उघडलं, आणि एकदम दचकून लावूनही टाकलं.

*

वाईन लाल होती. आमच्या घरचे बेदाणे वाळत घातले की शेडमध्ये सुटतो, तसा काहीसा वास. मी एक घोट घेतला आणि पायाची वाट बघत थांबले. काही नाही. दुसरा घोट. काहीच नाही! मंदार डोळे वटारत होता, पण पाय गप्प. म्हणजे सिग्नल हिरवा! मी त्याच्याकडे बघून प्रेमाने हसले आणि ग्लास संपवला. कोलंबी हाताने सोलली, बोटं चाटली, वर वेटरला खुणेने आणखी वाढायला सांगितलं.

वहिनी मात्र काय संयमी बाई! ग्लास उचलायच्या, न पिताच खाली ठेवायच्या. बोलायला तोंड उघडायच्या, मिटून घ्यायच्या. शेवटी तर त्यांनी प्लेटला हात लावणंच सोडलं. त्यांच्यापुढे मला माझ्या खाण्याची लाज वाटायला लागली.

*

गोड पुढ्यात आलं आणि वहिनी साहेबांवर कडाडल्या, "अहो, पुरे आता! धड एक घोट घेऊ देत नाही, बोलू देत नाही. मघापासून पाय दाबून दाबून जोडवी रुतवलीत माझ्या बोटांत!"

"मी?" साहेबांनी मांडीकडे बोट दाखवलं. "अगं, माझे दोन्ही पाय वर आहेत!"

मंदार पहिल्या सुपासारखा गार पडला.

तोवर साहेबांसमोर मी एक वाक्य बोलले नव्हते. ते मी आता बोलले.

"वहिनी, माझा पाय होता. चुकून लागला. सॉरी."

वहिनी खाली वाकल्या. तिथे माझे टोकदार बूट होते. आणि समोर मंदारचा एक बूट, रिकामा. बराच वेळ त्या वरच येईनात.

"तुझाच असणार गं," वर आल्यावर म्हणाल्या. "आणि आतून मोजेही घालतेस वाटतं!"

"थंडी आहे ना," साहेब म्हणाले.

*

पुढच्या शनिवारी वहिनींनी दुर्गापुऱ्याला घरी जेवायला बोलावलं. मंदारला सकाळपासून ताप आल्यासारखं वाटत होतं. मी त्याला ओढत नेलं. बघते तर डायनिंग टेबल भिंतीला सरकवलेलं, आणि जमिनीवर पाट मांडलेले. समोरासमोर. मध्ये आडोसा म्हणून काही नाही.

"अगं, टेबल असताना ही पंगत कशाला?" साहेबांनी विचारलं.

वहिनी मंदारच्या पानात मसालेभात वाढत होत्या. त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "स्पॅनिश पद्धत आहे. शिरीषला विचारा."

शिरीषने मांडीवर थाप मारली.

"हो! स्पेनमध्ये अगदी असंच!"