हात सैल सोड

आष्ट्याच्या बाजारात माझी चौदा वर्षांची लेक बांगड्या भरायला बसली. एक हात तिनं कासारणीकडे दिला आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर मेसेज लिहीत राहिली. कासारीण डोळे मिटून तिची बोटं चोळत होती. अंगठ्यापाशी बांगडी तडकली, रक्त आलं.

काच काढत कासारीण म्हणाली, "आवं, ध्यान तिकडं गेलं की हिकडं हात लाकूड हुतोय. आता लय पोरींचं असंच हाय."

लेकीनं घाबरून मोबाइल माझ्याकडे दिला. हात सैल पडला, बांगड्या अलगद चढल्या.

"शाळंला कशावर जाती?" कासारणीनं विचारलं.

"सायकलवर. उसाच्या ट्रॉल्या जातात त्या रस्त्यानं," मी सांगितलं आणि हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

बांगड्या भरून झाल्या होत्या. लेकीचा हात मात्र कासारणीनं बराच वेळ सोडला नाही.