परीक्षेच्या सुभद्राबाई

आमच्या मानसोपचार विभागात सुभद्राबाईंना सगळे ‘परीक्षेची केस’ म्हणतात. मूळच्या भिवापूरच्या, आता मुलाकडे मनीषनगरात. परीक्षा लागली की त्यांना फोन जातो आणि इस्त्रीची साडी नेसून बाई हजर. शिकाऊ डॉक्टर त्यांची मुलाखत घेतात, मी कोपऱ्यात बसून गुण देतो. प्रश्न कसे विचारले, पेशंटला बोलू दिलं की नाही, वगैरे. खरं सांगतो, तेच ते ऐकून माझे कान किटले आहेत. बाईंचं तर सगळं तोंडपाठ. कानात आवाज येतात, कुणीतरी शिव्या घालतं. पोरं भराभर लिहून घेतात आणि सुटतात.

यंदा नूपुर नावाची वर्ध्याची मुलगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारायचा सोडून गप्पच बसली. झालं, ही गडबडली, असं मला वाटलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

मग ती हळूच म्हणाली, “मावशी, हे सांगताना तुम्ही जराही घाबरल्या नाही. आवाज अजून येऊन राहिले का?”

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “नाही वं. बंद होऊन लय वर्सं झाले.”

“मग काहून सांगता?”

“घरी तोंड उघडलं का सून इचारते, आई, गोळी घेतली का? भाजीत मीठ कमी हाय म्हटलं तरी गोळी! इथं तुमी लोकं बसून आयकता. बरी झाली म्हटलं तं मले कोन बोलावन?”

मला राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना. इतक्या वर्षांत एवढी चांगली मुलाखत मी पाहिली नव्हती. नूपुरला भरपूर गुण दिले आणि पुढच्या वर्षी यायला नको, हे बाईंना मलाच सांगावं लागलं.

“पोरगी पास झाली ना?” त्यांनी विचारलं.

“झाली.”

“मंग बरं झालं.” पिशवी घेऊन त्या उठल्या.

मला राहवेना. म्हणालो, “ओपीडीत तर येताच दर महिन्याला. तिथं बोलू ना आपण.”

“येतो ना डॉक्टरसाहेब,” बाई दाराशी थांबून म्हणाल्या. “पन तिथं मी खुर्चीवर नीट बसतबी नाही तं तुमी ‘पुढचा पेशंट’ म्हनता.”