तोंड न उघडता शिकलेलं इंग्रजी

राम राम मंडळी. मी बोलतीय आणि माझी नात शीतल लिहून घेतीय. तोंड वाकडं करून लिहितीय, कारण आजचा पराक्रम तिचाच हाय.

शीतल कॉलेजात इंग्रजी शिकती. कोणता आवाज तोंडात कुठून आणि कसा निघतो, त्याचा मोठा तक्ता तिनं महिनाभर पाठ केला. आज तोंडी परीक्षा हुती. मॅडमनी विचारलं, "व्हॅन म्हणताना पहिला आवाज कुठं तयार होतो?"

ही म्हणाली, "तक्त्यात तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या घरात."

मॅडम म्हणाल्या, "सोमवारी परत ये, शेवटची संधी." पोरगी घोडेगावच्या स्टँडपासून रडत घरी आली. "आज्जी, मी कॉलेजच सोडते."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भवाने, आधी तोंड उघड. म्हण व्हॅन."

तिनं म्हटलं आणि ओठाला बोट लावून बघितलं. "आज्जी, वरचे दात खालच्या ओठाला लागतात की!"

"लागणारच! रोज मिश्री लावून मला तोंडातला कोपरान् कोपरा माहीत झालाय. तू महिनाभर नुसती वही बघत बसलीस व्हय?"

मग 'प' म्हणताना ओठ मिटले, 'क' म्हणताना जीभ मागं टाळूला टेकली. पोरगी हसायला लागली. मला वाटलं, सुटले.

तर ही परत वही उघडून बसली. "आज्जी, आता तक्ता नीट पाठ करते."

तुमच्यात कोणी मास्तर, मॅडम असतील तर खरं सांगा. हा धडा शिकवताना पोरांना एकदा तरी तोंड उघडायला लावता का?