कोजोसाठी लिहिलेला अर्ज

वल्लरी आगाशे मूळची पुण्याची. जर्मनीतल्या एका छोट्या तांत्रिक विद्यापीठात पीएचडी करायची आणि मेकॅनिक्सची ट्युटोरियल्स घ्यायची. कुणाचं काही अडलं की ही निघालीच पदर खोचून.

कोजो तिचा विद्यार्थी. आईवडील घानाचे, पोरगा जन्मला इथेच. चारशे मीटर असा धावायचा, की विद्यापीठाच्या प्रत्येक जाहिरातीत हा काळा मुलगा हवाच. मेकॅनिक्समध्ये मात्र दोनदा नापास, आणि तिसऱ्यांदा गेला की इथल्या नियमानं शिक्षणच संपलं. वल्लरीनं दर शनिवारी त्याला समोर बसवून शिकवलं. आणि काय सांगू, गडी फटाफट गणितं सोडवायला लागला!

नेमकी परीक्षा आली स्पर्धेच्या दिवशी. तारीख बदलून मिळावी म्हणून वल्लरीनं प्रोफेसरांना, म्हणजे तिच्याच पीएचडीच्या गाईडना, अर्ज लिहिला, अगदी आपल्याकडे लिहितात तसा, वाचणाऱ्याला दया येईल असा. सरावापायी बिचाऱ्याला पुस्तक उघडायलाही वेळ मिळत नाही, वगैरे. सुट्टीच्या अर्जात आपण साध्या तापाचा टायफॉइड करतोच की! तारीख मिळाली. कोजो परीक्षेत पहिल्या पाचांत आला.

पंधरा दिवसांनी त्याच्यावर कॉपीचा ठपका. पुरावा काय, तर वल्लरीचाच अर्ज. पुस्तकही न उघडणाऱ्याला एवढे मार्क कसे? होड्या वल्हवणाऱ्या गोऱ्या लुकासनं तितकेच तास बुडवून तितकेच मार्क मिळवले होते. त्याची प्रोफेसरांनी पाठ थोपटली.

वल्लरी तडक त्यांच्याकडे गेली. चार वर्षं या माणसाला ती देवमाणूस म्हणत होती. अर्जात मी वाढवून लिहिलं, मीच शिकवलंय त्याला, हवं तर समोर बसवून गणितं घाला, असं तिनं सांगितलं.

"म्हणजे तू खोटं लिहिलंस, अशी नोंद करू?" ते शांतपणे म्हणाले. "आल्झो, बरं का, तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय ना?"

केसानं गळा कापला मेल्यानं! आणि एरवी बसच्या ड्रायव्हरशीही हुज्जत घालणारी ही बया तिथं गप्प बसली.

चौकशी समितीपुढे अर्ज मोठ्यानं वाचला गेला. कोजो वल्लरीकडे बघत होता. आता ती उठेल आणि बोलेल, अशी त्याची खात्री होती. ती टेबलाकडे बघत राहिली. तिची तिलाच किळस आली, पण तोंड काही उघडलं नाही.

पेपर रद्द झाला, कोजोचं नाव पटावरून कमी झालं. बाहेर पडताना तो तिच्यापाशी थांबला.

"ते मला ओळखत नव्हते, वल्लरी," तो म्हणाला. "तू ओळखत होतीस."