मामांनी अडवून ठेवलेली माणसं

घाटंजीत मेलेल्या माणसांना सगळ्यात जास्त ताटकळत ठेवणारा माणूस म्हणजे माझे मामा. गेलेल्या माणसाचा फोटो द्यावा आणि मामांनी त्यावरून मोठं रंगीत चित्र काढावं, हा त्यांचा धंदा. तेरवीसाठी सांगितलेलं चित्र वर्षश्राद्धाला हाती आलं तर नशीब! मामा डोळे शेवटी काढत आणि तिथेच सगळं अडे. काढायचे, चिंधीने पुसायचे, पुन्हा काढायचे. गिऱ्हाईक चिडलं की म्हणत, "चुकीचे डोये काढले तं तुमच्या घरात भलताच माणूस जाईन ना!" त्यामुळे दुकानाच्या भिंतींवर पंचवीस-तीस मंडळी अर्धवट नजरेने खोळंबलेली. भर दुपारीही तिथे माणूस आपोआप हळू बोले. मामा मात्र "जरा इकडे पाहा जी" अशी त्यांची मनधरणी करत. एकदा भिंतीवरच्या एका म्हातारीने खरंच पाहिलं. मी चहा तसाच टाकून बाहेर आलो.

शेजारच्या काकूंचे यजमान चाळिशीतच गेले, त्यांचंही चित्र मामांकडे अडकलेलं. काकूंना काचबिंदू. सात वर्षं त्या दर बाजाराच्या दिवशी येऊन विनवत, "भाऊ, मले दिसते तवरच द्या हो." मामांचा जीव तुटे, पण डोळे जमत नसत. मधल्या काळात चित्रातल्या कानशिलांवर पांढरं काही दिसू लागलं. जिनिंग गिरणीतला कापूस उडून बसला असेल म्हणून मी फुंकर मारली. हललं नाही.

शेवटी काकू चिडल्या आणि चित्र उचलून दारातल्या उजेडात गेल्या. डोळ्यांशी धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. यजमानांचे केस पिकले होते, गाल बसले होते.

मामांचा चेहरा उतरला. "मी फक्त डोयेच बदलवले, काकू. बाकीले हात नाही लावला. चार दिवस द्या, केस काये करून देतो."

"खबरदार हात लावला तर! मी इकडे म्हातारी झाली, ते एकलेच जवान कायले राहतीन?"

मामांनी चित्र काकूंच्या हाती तसंच राहू दिलं. महिन्याभरात त्यांनी बाकीची चित्रंही जशी होती तशी घरोघर पोचवली. प्रत्येक दारात ते खिशातून चिंधी काढत आणि परत आत घालत, हे मी पाहिलंय. मला त्यांची फार माया आली.

आता काकूंना काहीच दिसत नाही. मामा अधूनमधून त्यांच्याकडे जातात, ब्रश न घेता. काकू विचारतात, "आता कसे दिसतात जी?"

मामा भिंतीवरच्या चित्राकडे बराच वेळ पाहतात. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

"थकले, काकू."

"थकतीनच," काकू म्हणतात आणि बाजेवर जरा सरकून चित्राच्या बाजूला जागा करतात.